मीठ माझं, कुलूप त्यांचं

मिठाचं आधी लिहायचं, ही भाचीची अट आहे. "न्हाईतर तुमी रागाचं आदी लिवनार आन् मीठ कुटंतरी शेवटाला कोपऱ्यात दडवनार," असं ती म्हणाली. मला चांगली ओळखते. म्हणून इथेच सांगून टाकतो: बर्फात मीठ मी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर आज जे फिकट चट्टे दिसतात, ते माझ्या हातचे आहेत.

झालं. आता मला रागवायची मुभा आहे.

भोरला एसटी स्टँडच्या अलीकडे माझं मटका कुल्फीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, दोन बाकडी आणि एक छत्री; पण मी दुकानच म्हणतो. वीस वर्षं बर्फात हात घालून माझी बोटं कायमची लालसर झाली आहेत, आणि बर्फातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. सकाळी लादी आली की ती उत्रोलीच्या गिरणीतून आणलेल्या भाताच्या तुसात पुरायची, वरून ओलं गोणपाट टाकायचं. मग दुपारपर्यंत ती जागची हलत नाही. कुल्फीची गोष्ट वेगळी. मटक्यात साच्यांच्या भोवती नुसता बर्फ भरला, तर आतलं दूध गार होतं, पण गोठत नाही. गोठवायचं तर बर्फावर खडेमीठ पेरावं लागतं. मीठ पडलं की बर्फ चवताळतो. शब्द माझाच आहे, गिऱ्हाइकांना सांगायला मी तो तयार केला होता. साध्या बर्फात हात धरवतो, चवताळलेल्या बर्फात धरवत नाही. हे मला वीस वर्षं माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही.

भाची माझ्या थोरल्या बहिणीची. आक्का वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर दिली. तिथे म्हशी, शेरडं, थोडी मेंढरं आणि चढण. पोरगी पाचवीपासून शिकायला आमच्याकडे भोरला राहिली. शाळेच्या फुटबॉलच्या संघात एक मुलगी कमी पडत होती म्हणून सरांनी हिला उभी केली, आणि मग हिला बसवणं कुणाला जमलं नाही. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पाय हा अवयव चालण्यासाठी असतो. ही त्यावर पुण्याच्या एका क्लबात गेली, बायकांच्या संघात, रीतसर करारावर. लग्नाकार्यात मी छाती काढून सांगायचो, "भाची फुटबॉल खेळती." समोरचा मान डोलवायचा आणि विचारायचा, "ते बरं हाय, पन करती काय?"

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ती दोन दिवस घरी आली, तेव्हा जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होती. वीस वर्षांची पोर, आणि मला माझी आई आठवली. आमच्या मंडळींनी तिला खाली बसवलं, पोटऱ्या हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "ह्यात दगड भरल्यात का काय गं?"

"गोळं येत्यात, मामी. चार दिसांत दोन सामने. मोकळं व्हायला टायमच न्हाई."

"मग बाकीची लोकं काय करत्यात?"

"गार करत्यात अंग." आणि मग तिने जे सांगितलं, ते मी हातातली भाकरी खाली ठेवून ऐकलं. क्लबाच्या पुरुषांच्या संघाला गार जाकिटं आहेत. आतून गार पाणी फिरतं. खेळायच्या आधी घालायचं, मधल्या सुट्टीत घालायचं, म्हणजे उन्हात अंग लवकर तापत नाही. आणि खेळ संपला की गार पाण्याच्या टबात दहा मिनिटं कमरेएवढं बसायचं. दुसऱ्या दिवशी पाय हलके. बाहेरच्या देशातले मोठमोठे खेळाडू तेच करतात.

"आन् तुमी पोरी?" मंडळींनी विचारलं.

"आमी टॉवेल वला करतो."

ती हे हसून म्हणाली. मला हसू आलं नाही. पुढचं ऐकून तर नाहीच आलं. पुरुषांचा सामना संध्याकाळी असतो, मोठे दिवे लावून. पोरींचा दुपारी तीनला. एप्रिल महिन्यात दुपारी तीनला मी छत्रीखाली बर्फाला टेकून बसतो आणि तरीही उन्हाला शिव्या देतो. त्या वेळी आक्काच्या वाडीवर म्हशी डबक्यात असतात, शेरडं करवंदीच्या जाळीत असतात. कुणी म्हशीला उठवून म्हणत नाही की चल, दीड तास पळ. म्हणजे ज्यांना सावली मिळते त्यांना जाकीट, आणि ज्यांना ऊन मिळतं त्यांना टॉवेल. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात, मला सांगा.

"मामा, एक काम कराल का?" ती म्हणाली. "बर्फ आनाल? लादीच आना. ड्रम हाय आमच्याकडं."

मुलगी बर्फ मागते आणि मामा कुल्फीवाला. आयुष्यात इतकं मोठं मागणं माझ्याकडे कुणी कधी केलं नव्हतं. शेजाऱ्याचा टेम्पो भल्या सकाळी पुण्याला भाजी घेऊन जातो. मी त्यात दोन लाद्या तुसात पुरून टाकल्या आणि स्वतः लाद्यांवर बसून गेलो. कापूरहोळपर्यंत मी मोठा ऐटीत होतो. पुढे लादीची थंडी कुठून कुठून वर आली ते लिहीत नाही.

क्लबाच्या मैदानामागे पोरींची कपडे बदलायची खोली, तिच्या बाहेर निळा ड्रम अर्धा कापून ठेवलेला. त्यात नळाचं पाणी, पाण्यात फोडलेला बर्फ. पोरी पाळीपाळीने आत बसायच्या, किंचाळायच्या, दहा मिनिटं मोजायच्या. माझी भाची हातात एक छोटं थर्मामीटर धरून होती. दहा डिग्रीच्या खाली गेलं की मला ओरडायची, "मामा, बास, पानी घाला!" मी म्हणायचो, "अगं, गार पाहिजे ना?" ती म्हणायची, "गार पायजे, गोठायचं न्हाई." हे वाक्य मी ऐकलं. कानाने ऐकलं.

दुसऱ्या खेपेला मला लघवीला जायचं होतं, म्हणून मी इमारतीला वळसा घातला आणि तिथे ती खोली दिसली. काचेचं दार. आत दोन पांढरे टब, एकेका टबात म्हैस मावेल एवढे. शेजारी यंत्र. यंत्रावर निळा आकडा: दहा. पाणी आपोआप गार होत होतं, फिरत होतं, बुडबुडे काढत होतं. भिंतीवर जाकिटं ओळीने टांगलेली. आत माणूस एक नाही. दाराला कुलूप.

दाराशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. बोलण्यावरून ओळखलं आणि विचारलं, तर आमच्याच भोरकडच्या भोंगवलीचा निघाला.

"हे चालूच ऱ्हातंय?" मी विचारलं.

"चालूच. बंद क्येलं तर पानी तापतंय म्हनं."

"आन् बसतंय कोन?"

"कोन बसनार? टीम गावाला गेलीया खेळाय. येतील चार-पाच दिसांनी."

"मग तवर पोरींना बसू द्या की. त्या बगा, ड्रमात बसल्यात."

"पाव्हणं, चावी मॅनेजर सायबाकडं. माज्याकडं आसती तर म्या सोता बसलो नसतो व्हय?"

मी काचेला नाक लावून उभा राहिलो. माझ्या श्वासाने काच धूसर झाली. मी पुसली आणि परत बघितलं. माणूस उपाशी असताना दुसऱ्याने अन्न फेकावं तसं वाटलं. फेकलेलं अन्न निदान कुत्रं तरी खातं. हा गारवा कुणीच खात नव्हता. इकडे रिकामं पाणी गार राहावं म्हणून वीज जळत होती आणि वीस पावलांवर सोळा पोरी एका कापलेल्या ड्रमात उतरायला रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या कोचबाईंनी दोनदा लेखी विचारलं होतं. उत्तर आलं होतं, 'सध्या वेळ उपलब्ध नाही.' रिकाम्या खोलीत वेळ उपलब्ध नाही! मला राग येतो तेव्हा माझे कान तापतात. त्या दिवशी कानावर भाकरी भाजली असती.

भाचीला म्हणालो, "मी जातो त्या मॅनेजरकडं."

"जाऊ नका."

"का म्हनून?"

"मामा, दोनच सामने ऱ्हायल्यात. त्याच्यावर पुढच्या सालाचा करार. कुनाला ठेवायचं आन् कुनाला न्हाई, ते रविवारच्या सामन्यानंतर ठरनार. तुमी भांडून जाल भोरला, मी हितं ऱ्हानार. माजं पाय तेवढं मोकळं ऱ्हाऊ द्या. बाकीचं म्या बगती."

तेवढंच होतं तिचं म्हणणं. पाय मोकळे राहू द्या, रविवारी मैदानावर उतरू द्या. यापलीकडे तिने माझ्याकडे काही मागितलं नाही.

पण मला कुणी कमी मागितलेलं चालत नाही. लाद्यांची रिकामी पोती घेऊन घरी येताना मी ठरवलं की त्यांच्या जाकिटाच्या वरताण काहीतरी करून दाखवायचं. यंत्र नको, वीज नको, चावी तर नकोच. आक्काने दिलेलं एक जुनं घोंगडं माळ्यावर होतं. घोंगड्यात गुंडाळलेला बर्फ टिकतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आत धोतराचा पातळ कपडा, बाहेर घोंगडं, मधे कप्पे, कप्प्यांत बारीक फोडलेला बर्फ, आणि पोटरीला बांधायला नाड्या. मंडळी मशीनवर बसल्या. घोंगड्यात सुई मोडली, दुसरी मोडली.

"हे लई जाड हाय," त्या म्हणाल्या.

"जाडच पायजे. आतली थंडी आतच ऱ्हायली पायजे."

"त्यांचं जाकीट बगितलंया का तुमी हातात घेऊन?"

"काचंतनं बगितलंय."

"मग झालंच," असं म्हणून त्यांनी तिसरी सुई ओवली.

आता मीठ. मैदानावर पोचेपर्यंत बर्फाचा जोर उतरेल, ही माझी काळजी. आणि मनात तो निळा आकडा. त्यांचं यंत्र दहावर थांबतं, तर आपण पाचावर जाऊ. पाचावर कशाला, त्याच्याही खाली जाऊ. पायातले दगड एका रात्रीत विरघळले पाहिजेत. रविवारी पोरगी अशी पळाली पाहिजे की त्या मॅनेजरने येऊन विचारावं, हे कसं केलंत? इतका चवताळलो होतो मी, की बर्फही चवताळलेलाच लागत होता. हाताशी खडेमिठाचं पोतं होतंच. दोन मुठी प्रत्येक कप्प्यात.

तपासून बघितलं नाही असं नाही. तपासलं. एका कलिंगडाला बांधलं. अर्ध्या तासाने सोडलं तर कलिंगड असं गार, की कापताना सुरीवर दव धरलं. मंडळींनी एक फोड खाल्ली आणि म्हणाल्या, "चांगलं लागतंय." आमचं संशोधन तिथे पूर्ण झालं. कलिंगडाला कातडी असते, पण कलिंगड ओरडत नाही, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

बुधवारचा सामना दुपारी तीनला झाला. पोरी जिंकल्या. माझी भाची शेवटपर्यंत पळत होती; ओठ पांढरे, तोंड लालभडक, आणि सामना संपल्यावर पायऱ्यांच्या सावलीत येऊन तिने स्वतःला अक्षरशः टाकलं. मी घोंगड्याच्या पट्ट्या काढल्या; सामना संपत आला तेव्हाच लादी फोडून त्यांच्या कप्प्यांत बर्फ आणि मीठ भरून ठेवलं होतं. बाकीच्या पोरी भोवती जमल्या.

"ही काय मेंढी गुंडाळून आनली का काय, मामा?" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसलो. मी नाड्या आवळल्या. घट्ट आवळल्या, कारण सैल राहिल्या असत्या तर गारवा वाया गेला असता.

"मामा, लई गार हाय ओ," भाची म्हणाली.

"गारच पायजे."

"टोचतंय."

"जरा दम धर. त्या मशीनवाल्यांना कळू दे."

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. ती पाण्याची बाटली तोंडाला लावून मागे टेकली होती, डोळे मिटून. मग म्हणाली, "आता काय लागंनाच झालंय. पाय हायत का न्हाईत कळंना."

आणि मी म्हणालो, "म्हंजे काम करतंय."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिने लिहायला सांगितलं, म्हणून लिहिलं.

पंचवीस मिनिटांनी मी नाड्या सोडल्या. पोटऱ्यांवर पांढरे पट्टे होते, जिथे जिथे कप्पे होते तिथे तिथे. मेणासारखे पांढरे. बोट लावलं तर कडक. मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. वीस वर्षं रोज साचा उघडून मी नेमकं हेच बघत होतो.

कोचबाई धावत आल्या, त्यांनी कोमट पाण्याची बादली मागवली. पायाला जाण परत यायला लागली तशी ती पोरगी, जिने गुडघा फुटल्यावरही कधी तोंड उघडलं नव्हतं, दातात टॉवेल धरून रडली. पांढऱ्याचं लाल झालं, लालाचं जांभळं. दवाखान्यात पोचेपर्यंत फोड उठले. डॉक्टर म्हणाले, "भाजल्यासारखंच आहे हे. विस्तवाऐवजी थंडीनं भाजलंय, एवढंच." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय लावलं होतं?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं, सोबत आलेल्या घोंगड्याच्या पट्टीचा सुटलेला कपडा हातात घेतला, ओल्या कापडावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली. मग मला, अगदी हळू: "त्यांचं मशीन धावर थांबतंय, मामा. त्येला ठावं आसतंय कुटं थांबायचं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तीन आठवडे पळायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

रविवारी ती मैदानाबाहेरच्या बाकावर बसली, दोन्ही पायांना पांढरी बँडेजं. मी वर पायऱ्यांवर. तीन वाजताचं ऊन. मधल्या सुट्टीत पोरी बाहेर आल्या आणि बादलीतले टॉवेल पिळून त्यांनी मानेवर टाकले. इमारतीच्या पलीकडे ते यंत्र चालू होतं, मला माहीत होतं, चालूच होतं. आणि मला उठून ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठलं आणू? ज्याच्यामुळे सगळ्यात चांगली मुलगी बाकावर बसली आहे, तो माणूस कुठल्या तोंडाने म्हणणार की तुम्ही पोरींची हेळसांड करता? माझा राग खरा होता आणि मीच त्याचा कचरा करून ठेवला होता. सामना बरोबरीत सुटला. सगळे म्हणाले, ती असती तर जिंकलो असतो. त्यांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

मंगळवारी क्लबातून बोलावणं आलं. दोघांना. मॅनेजरची खोली इतकी गार होती की मला हसू आलं. माणूस वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

"हे बघा काका, कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही. कोचनी त्यांच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की मुलींना कूलिंगची सोय नव्हती, म्हणून बाहेरून उपाय झाले. ते वाचून वेगळाच अर्थ निघतो. तुम्ही फक्त लिहून द्या, की ही दुखापत घरगुती उपायामुळे झाली, क्लबचा संबंध नाही. बस."

"आन् न्हाई लिवलं तर?"

"तसं काही नाही हो. पण पुढच्या सीझनची यादी करायची आहे. हिचा गेम चांगला आहे, आम्हाला हवीच आहे ती. फक्त फाइल क्लिअर असली की बरं पडतं."

इतक्या गोड आवाजात मला आजवर कुणी धमकावलं नव्हतं. आमच्याकडे धमकी देणारा निदान आवाज चढवतो, त्यामुळे कळतं तरी.

मी पेन घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. दुकानाची पाटी मीच रंगवली आहे. मी लिहिलं: 'बर्फात मीठ मी घातलं.' थांबलो. खरं होतं, पुरं होतं, खाली सही केली की सुटलो. पण कान तापले होते. मी पुढे लिहिलं: 'गारव्याच्या खोलीला कुलूप तुम्ही घातलं.'

कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने वाचला आणि चहाचा कप बाजूला ठेवला.

"पहिलं वाक्य ठीक आहे. दुसरं अनावश्यक आहे, काका."

"खोटं हाय का?"

"मी खोटं म्हटलं नाही. अनावश्यक म्हटलं."

"यंत्र चालू व्हतं. आत कोनी नव्हतं. म्या सोता बगितलंय. सोळा पोरी भाईर ड्रमात बसत व्हत्या, ते बी अनावश्यक का? ती पोरगी तीनच्या उन्हात..."

"मामा, खोडा."

भाचीचा आवाज. मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती.

"अगं, पन खरं हाय ना ते?"

"खरं हाय. खोडा."

"मीठ माजं, कबूल. म्या कुटं न्हाई म्हनतोय? पन कुलूप..."

"मामा," ती म्हणाली, "तुमचा राग घ्यून तुमी भोरला जानार. मला हितं खेळायचंय. एकदा तुमच्या रागानं पाय बांधलं माजं. आता सोडा."

मी पेन परत उचललं आणि दुसऱ्या वाक्यावरून एक आडवी रेघ मारली. मॅनेजरने कागद बघितला आणि म्हणाला, "वाचता येतंय अजून. नीट खोडा." मग मी नीट खोडलं. शाळेत चूक लपवायला खोडतात तसं, गिरवून गिरवून, काळा ठोकळा होईपर्यंत. शेवटी पेनच्या टोकाने कागद फाटला. त्याला फाटलेला चालत होता.

भाचीला तीन आठवडे विश्रांतीसाठी मी टेम्पोतूनच घेऊन आलो. अर्ध्या रस्त्यात तीच म्हणाली, "बोला की काय तरी. न्हाईतर मला वाटंल, तुमीबी गोठलाय." मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माणसाने या वयात टेम्पोवाल्यासमोर रडू नये.

दुसऱ्या दिवशी आक्का वाडीवरून खाली आली. लेकीचे पाय बघितले, मग मला बघितलं. "आरं, मेंढराच्या खुराला औषद लावायचं म्हनलं तरी आमी आदी आपलं बोट बुडवून बगतो. तू काय बुडवलं व्हतंस?"

"कलिंगड," मंडळींनी आतून सांगितलं.

आक्का ते ऐकून हसली, रडली, आणि परत हसली. माझ्याशी मात्र ती पावसाळ्यापर्यंत नीट बोलली नाही. तिचा हक्क होता.

करार झाला. भाची पुढचं पूर्ण साल त्या क्लबात खेळली, पोटऱ्यांना लांब मोजे चढवून. मी दर आठवड्याला लादी नेत राहिलो; मीठ दुकानात ठेवून, थर्मामीटर खिशात घेऊन. दहा आला की आता मीच ओरडायचो, "बास!" पोरी हसायच्या. ती काचेची खोली त्या सालात पोरींसाठी एकदाही उघडली नाही. एकदाही नाही. सामने तीनलाच राहिले. भोंगवलीचा वॉचमन मला बघितलं की मान खाली घालायचा, जणू चावी त्यानेच गिळली आहे. जाता-येता मी त्या काचेपाशी थांबायचो आणि निळा आकडा बघायचो. वर्षभर तो दहाच होता. वर्षभर माझे कान तापत होते.

यंदा ती दुसऱ्या संघात गेली. तिथे टब एकच आहे, पोरींची पाळी पुरुषांच्या नंतर येते, पाणी जरा कोमटलेलं असतं. पण पाळी येते. गेल्या महिन्यात ती घरी आली होती. ओट्यावर बसून कुल्फी खाता खाता म्हणाली, "मामा, आता त्या क्लबाशी माजं काय ऱ्हायलं न्हाई. आता लिवा."

"काय?"

"खोडलेलं. मला ठावं हाय, रोज मनात लिवताय. पन मिठाचं आदी."

मिठाचं आधी लिहिलं. आता तो काळा ठोकळा उकलून त्याच्याखालचं वाक्य जसंच्या तसं इथे उतरवतो. हे खोडायला आता तिच्यासह कुणीही सांगितलं तरी मी खोडणार नाही:

गारव्याच्या खोलीला कुलूप तुम्ही घातलं.